देवीलाली

शीलानं कार्ड उशीखाली सरकवलं, पण आजोबांनी ते पाहिलंच.

"काय लपवून राह्यली वं?"

"कॉलेजचं हाये."

पुसदच्या कॉलेजात बोलीतल्या शब्दांचा कोश चालला होता. दारव्ह्याच्या बाजारात सरांनी एक शब्द ऐकला. भाजीवाली गिऱ्हाइकाला म्हणाली, "देवीलाली पुरे, घ्यायचं तं घे." शब्द शीलाच्या तांड्याकडचा, म्हणून त्याचं कार्ड तिच्या वाट्याला आलं. तांड्यापर्यंत डांबरी रस्ता अजून पोचायचा होता. शब्द मात्र तांड्यातून बाजारापर्यंत पोचला होता.

अर्थ तिनं लिहिला : पोकळ बोलणे. पुढचा रकाना उगमाचा. देवीलाल हे आजोबांचं नाव. त्यांच्यासमोर हा शब्द कुणी काढत नसे; चाळीस वर्षांत साऱ्या तांड्यानं पाळलेली ही एवढी एकच शिस्त. तिनं पेन्सिलीनं लिहून टाकलं होतं, 'अज्ञात'.

आजोबांनी हात पुढं केला. चौथी शिकलेला माणूस, अक्षरावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेला.

"हे खोटं काहून लिवलं?"

शीला सुपातली निवडलेली तूर पुन्हा निवडू लागली.

मग त्यांनी सांगितलं, शेजारच्या गावात घडल्यासारखं. नाल्याला पूर आला की तांडा तुटायचा. म्हणून दिवस भरत आलेल्या बायांना मृगाआधीच दारव्ह्याला सोयऱ्यांकडे नेऊन ठेवायची रीत होती. त्या वर्षी ते तालुक्याला अर्ज घेऊन गेले. साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला, पावसाआधी पूल होतो म्हणाला. आजोबांनी तांडा गोळा करून ते जसंच्या तसं सांगितलं. चहाचंही सांगितलं. कुणी बाया हलवल्या नाहीत. तीन होत्या. पावसात दोघी निभावल्या.

"अन् तिसरी?"

"जमना."

सुपातला हात थांबला. जमनाबाई म्हणजे तिची आजी. बाळंतपणात गेली, एवढंच घरात सांगत.

"साहेबाचं नाव आता याद नाही," आजोबा म्हणाले. "माहं लिही."

'अज्ञात' खोडताना कार्ड जरा फाटलं. तिनं फाटल्या जागेच्या बाजूला आजोबांचं नाव लिहिलं. खाली एक रकाना अजून कोरा होता : वाक्यात उपयोग. आजोबांनी त्यावर बोट टेकवलं.

"लिही," ते म्हणाले. "पावसाच्या आंधी पूल होऊन जाते."