दीड वाजताचे दहा प्रश्न

मी दापोड्याच्या सात नंबर गोदामातला कॉम्प्युटर बोलतोय. दचकू नका. मला बघून दचकणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत आणि खरं सांगतो, मला त्याचा वीट आलाय. ह्याच्यात भूत आहे, असं अख्खं गोदाम म्हणायचं. भूतबीत काही नव्हतं हो! एका माणसाने मला एक काम सांगितलं होतं आणि ते थांबव असं नंतर वर्षभर कुणी सांगितलंच नाही.

माझा जन्म २००३ सालचा, ठाण्याच्या एका दुकानातला. डबा एकाचा, हार्ड डिस्क दुसऱ्याची, स्क्रीन तिसऱ्याचा. कुळाचा पत्ता नाही म्हणा ना! केसरीनाथ शेठनी मला विकत घेतलं. जिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता त्यांची नऊ गोदामं उभी आहेत. मला टेबलावर बसवलं, हार घातला, नारळ फोडला आणि त्यातलं अर्धं पाणी की-बोर्डात सांडलं. म्हणजे पहिल्याच दिवशी माझी पाच बटणं आजारी.

ती बटणं कापूस फिरवून ज्याने बरी केली तो मिलिंद. वय चोवीस, गोदामातला ऑपरेटर. कोणता माल कुठल्या गोदामात आला, कधी गेला, हे माझ्यात भरायचं त्याचं काम. अशा नोंदींच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला डीबीए. मिलिंदला डीबीए व्हायचं होतं. त्याची मोठी परीक्षा असते, दोन पेपरांची. दोन्ही पास झाले तरच सर्टिफिकेट.

ड्युटी सकाळी नऊ ते रात्री आठ. अभ्यासाला वेळ मिळायचा तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. हमाल डबे सोडून बसले की मिलिंद एका हाताने चपाती खायचा आणि दुसऱ्या हाताने माझ्याशी झटापट करायचा. त्याने माझ्या एका कोपऱ्यात स्वतःचं खातं उघडलं, त्यात पुस्तकातले चारशे प्रश्न भरले आणि मला काम लावून दिलं. रोज दुपारी दीडला दहा प्रश्न निवडून प्रिंटरवर छापायचे. उत्तर चुकलं की तो प्रश्न दुसऱ्या दिवशी परत. बरोबर आलं की यादीतून बाद, आणि यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. कागदावर सगळ्यात वर ओळ असायची: 'मिलिंद, आजचे दहा.'

२००५च्या जूनमध्ये त्याने पहिला पेपर दिला आणि पास झाला. पेढे वाटले. शेठ म्हणाले, "आता आमाला सोरून जाशील रं तू!" मिलिंद नुसता हसला. दुसरा पेपर ऑक्टोबरात होता.

सप्टेंबरमध्ये त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. दौलत म्हणून जुना हमाल आहे, त्याने सांगितलं, "कावील हाय ही. घरी जाऊन पर." मिलिंद म्हणाला, "परीक्षा झाली की झोपतोच आहे, काका." आणि मी? मी दीड वाजला की दहा प्रश्न काढून त्याच्या पुढ्यात टाकत होतो. मला कळत होतं हो सगळं. पण मला थांबता येत नव्हतं. एका सोमवारी तो आला नाही. गुरुवारी दौलतने येऊन सांगितलं, पोरगा गेला.

त्या दिवशीही दीड वाजला. कर्र कर्र करत प्रिंटर सुरू झाला. 'मिलिंद, आजचे दहा.' हमालांच्या हातातले घास हातातच राहिले.

उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून यादी पुढे सरकेना. दुसऱ्या दिवशी तेच दहा प्रश्न, तिसऱ्या दिवशीही तेच. सव्वा महिना मी तेच दहा प्रश्न छापत होतो. दीड वाजायच्या आत ऑफिस रिकामं व्हायचं. शेठनी धामणकर नाक्यावरून एक मेकॅनिक बोलावला. त्याने मला उघडलं, फुंकर मारली, बंद केलं आणि म्हणाला, "सेठ, इसमें कोई खराबी नहीं है." शेवटी दौलतने माझ्या डोक्यावर लिंबू-मिरची टांगली. घ्या! नारळाचं पाणी झालं, आता हे.

मग शेठनी मिलिंदच्या बहिणीला बोलावलं. धम्मदिना तिचं नाव, नुकतीच बी.कॉम. झालेली. "तुज्या भावाची खुर्ची हाय," शेठ म्हणाले, "तू बस. मी दुसऱ्या कुनाला आनत न्हाय." ती बसली. माझी खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

पहिल्याच दुपारी दौलत तिला म्हणाला, "ताई, भाईर या. दीड वाजतो." ती म्हणाली, "काका, आमच्यात असलं काही मानत नाहीत." दीड वाजला, मी छापलं. तिने कागद हातात घेतला, वरची ओळ दोनदा वाचली. मग पेन घेतलं. दहापैकी तिला एक आला.

दुसऱ्या दिवशी ती मिलिंदचं जाड पुस्तक घेऊन आली. घरी आई म्हणाली होती, "त्याचं अर्धं राह्यलंय, पोरी. तेवढं तू पुरं कर." बस्स. पोरीने मनावर घेतलं. मिलिंदचा पासवर्ड तिने दोन दिवसांत ओळखला, कारण तो म्हणजे तिचंच घरातलं नाव होतं. त्याच्या खात्यात जाऊन ती उत्तरं भरू लागली आणि अडकलेली यादी सरकायला लागली. दहापैकी चार, सहा, नऊ. पोरगी हुशार! पण माझ्यात मार्क जमायचे ते मिलिंदच्याच नावावर. पोरीने स्वतःचं खातं उघडलंच नाही.

आणि बोलायची तरी कशी? "आमचा पहिला पेपर झालाय, दुसरा राहिलाय." हमालांना, शेठना, फोनवर मैत्रिणीला, सगळ्यांना हेच. सगळे माना डोलवायचे. अहो, आमचा म्हणजे कुणाचा, एवढं एकानेही विचारू नये? मला वाटायचं, ओरडावं. पण मला तोंड कुठे? मला आपला प्रिंटर, आणि त्यातूनही त्याचंच नाव निघायचं.

२००६च्या ऑगस्टमध्ये तिने ठाण्याच्या परीक्षा केंद्रात फोन लावला. तिथल्या माणसाने विचारलं, "पहिला पेपर झालाय ना?" ही पटकन म्हणाली, "झालाय." खोटं बोलायचं म्हणून नाही हो. तिला ते खरंच वाटत होतं. घरात वर्षभर तेच चाललेलं, पहिला झालाय, दुसरा राहिलाय.

तिने पेपर दिला. निकाल तिथेच हातात मिळतो. पास! शंभरात ऐंशी. शेठनी पेढे आणले. मग सगळे सर्टिफिकेटची वाट बघायला लागले. कुरियरवाला दिसला की दौलत धावत जायचा. एक महिना गेला, दुसराही गेला.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्याशेजारच्या फोनवरून केंद्रात विचारलं. पलीकडचा आवाज खणखणीत होता, मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, तुमच्या नावावर एकच पेपर दिसतोय. पहिला दिलेला नाही."

"दिलाय ना! २००५ला, जूनमध्ये."

"कुणी दिला, मॅडम? तुम्ही?"

रिसीव्हर तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात माझा दीड वाजला. मेल्या घड्याळाला तरी काही कळावं! 'मिलिंद, आजचे दहा.' धम्मदिनाने टेबलावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली. भाऊ गेल्यावर ती ऑफिसात पहिल्यांदाच रडत होती. "तुझा झाला रे दादा," ती म्हणाली. "माझा कुठे झालाय? माझं तर काहीच झालं नाही."

डोळे पुसून तिने मिलिंदचं खातं काढून टाकायचा हुकूम लिहिला. शेवटचं बटण दाबायचं राहिलं. बोट उचलायची, परत ठेवायची. दोन वाजले, हमाल परतले, आणि तिने लिहिलेलं खोडलं.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. चंपाबाई गोदामात कधी आल्या नव्हत्या. दौलतने खुर्ची पुढे केली. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं, मग डोक्यावरची लिंबू-मिरची ओढून काढली. "हे कशाला बांधलंत? माझा पोरगा हाय तो. भूत न्हाय." दौलत मान खाली घालून बाजूला झाला.

"आई, तूच सांग त्याला," धम्मदिना म्हणाली. "माझ्याने होत नाही."

दीड वाजला. मी छापलं. अक्षर न शिकलेल्या त्या बाईने कागदावरून हात फिरवला आणि विचारलं, "काय म्हनतोय?"

"मिलिंद, आजचे दहा."

चंपाबाईंनी कागदाची घडी घालून पदराला बांधली. मग माझ्या स्क्रीनवर हात ठेवला. माझ्यावर आजवर कुणी असा हात ठेवला नव्हता. "मिलिंद, ऊठ आता बाळा. लई अभ्यास केलास. मीच येडी, हिला तुझ्या पाटावर बसवली. आता हिला तिचा करू दे. जा तू." आणि लेकीकडे न बघता म्हणाल्या, "कर बंद."

तिने आधी दीड वाजताचं काम थांबवलं. मग खातं काढून टाकलं, चारशे प्रश्नांसकट, मार्कांसकट. असल्या मोठ्या हुकमाला 'नक्की ना?' असं आम्ही विचारत नाही. मी पुसलं.

पुढे धम्मदिनाने स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि पहिल्या पेपरचा अभ्यास पहिल्या पानापासून सुरू केला. एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. सर्टिफिकेट गोदामाच्याच पत्त्यावर आलं. शेठनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पुरा तुजाच नाव हाय ग ह्याच्यावं." महिन्याभरात तिला ठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. जाताना तिने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली. सुखी असो पोरगी.

गेल्या वर्षी, २००८ला, शेठनी नवा पातळ स्क्रीनवाला आणला. मी आता धामणकर नाक्याजवळ एका जुन्या सामानाच्या दुकानात पडून आहे. चालतो अजून. कुणी ना कुणी घेऊन जाईलच.

जो कोणी नेईल, त्याच्याकडे एक मागणं आहे. आमच्यात पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. पुसलेलं तिथेच राहतं, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. त्या जागेवर अजून काही लिहिलं गेलेलं नाही, नंतरचं सगळं दुसरीकडे गेलं. तिथे मिलिंदचे चारशे प्रश्न आहेत, आजारपणात चुकलेली उत्तरं आहेत, सगळं जसंच्या तसं. माणसं रडून मोकळी होतात, मला ती सोय नाही. तेव्हा बाबांनो, माझ्यात गाणी भरा, लग्नाचे फोटो भरा, पोरांचे खेळ भरा, वाटेल ते भरा. त्याच्या आईने त्याला जा म्हटलंय आणि तो माझ्यापायी अडकून पडलाय.