विसर्जन नावाचं फोल्डर

कोरेगावच्या बाजारपेठेत शालूबाईंचा छापखाना होता आणि छापखान्याच्या गाळ्यावर त्यांच्या धाकट्या दिराचा, मानसिंगचा, डोळा होता. गाळा सामाईक. मानसिंगला तिथं खताचं दुकान टाकायचं होतं. शालूबाईंचे मालक आकाराम जिवंत होते तोवर हे बोलायची त्याची छाती झाली नाही. आकाराम पलटणीत हवालदार-क्लार्क होते, शिस्तीचे आणि तितकेच हट्टी. पुण्यातलं एक साप्ताहिक बंद पडलं तेव्हा तिथला जुना मॅक कॉम्प्युटर त्यांनी उचलून आणला, शिशाचे खिळे जुळवायचं काम थांबवलं आणि आसपासच्या गावांच्या लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं त्या बारक्या डब्यावर करायला लागले. मागच्या साली, म्हणजे पंच्याण्णवला, ते गेले. मानसिंगनं तेरावं होईस्तोवर दम धरला, एवढे त्याचे उपकार.

शालूबाई सातवी शिकलेल्या. पण मालकांच्या शेजारी बसून बसून त्यांचा हात त्या मशीनवर असा बसला होता की पत्रिकेतल्या मामा-मामींची नावं त्या न बघता टाईप करायच्या. कोणत्या गावाला कुठला देव वर लागतो, कोणत्या भावकीत कुणाचं नाव कुणाच्या आधी घातलं की मांडवात भांडण होतं, हे त्यांना पाठ होतं. छापखाना म्हणजे त्यांचं दुसरं घर नव्हतं. तेच पहिलं होतं.

पण मशीन आताशा फार रडवायला लागलं होतं. चालू केलं की चहा ठेवावा, तो उकळून गाळून प्यावा, तरी पडद्यावर मनगटी घड्याळाचं चित्र हलायला तयार नसायचं. मोठं पान उघडलं की सगळं गोठायचं. ठरलेल्या दिवशी पत्रिका मिळाल्या नाहीत म्हणून दोन गिऱ्हाइकं साताऱ्याला गेली, आणि ही बातमी मानसिंगला कशी कळली ते विचारूच नका.

पाडव्याला भावकी जमली होती. मानसिंगनं चारचौघांत विषय काढला. वहिनींचा डबा मेला आहे, मेलेल्याला किती दिवस घरात ठेवायचं, असं तो हसत हसत म्हणाला. म्हातारीकोतारीसुद्धा हसली. शालूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंपळवाडीच्या यात्रेचं पत्रक याच मशीनवर, गुरुवारपर्यंत निघेल, नाही निघालं तर गाळ्याची किल्ली भावजींच्या हातात देईन, असं त्या सगळ्यांसमोर बोलून बसल्या. तोंडातून शब्द जरा जास्तच गेला. पण आता मागं घेणार कोण? शालूबाई तर नव्हेतच.

छापखान्यात त्यांच्या जोडीला अक्षता होती. बौद्ध घरातली, साताऱ्याला डीटीपी शिकलेली, लग्न होऊन कोरेगावात आलेली. तिला आकारामांनीच कामावर घेतलं होतं. तिची जीभ तिखट होती आणि शालूबाईंचीही काही गोड नव्हती, त्यामुळे दोघींचं चांगलं जमायचं.

किल्लीची पैज ऐकल्यावर अक्षतानं आधी कपाळाला हात लावला आणि मग पदर खोचला. मशीन चालू होताना शिफ्टचं बटण दाबून धरलं, म्हणजे सुरुवातीलाच आपणहून जागे होणारे सटरफटर प्रोग्राम झोपून राहतात. मग पुन्हा चालू करताना दुसरी दोन बटणं दाबली आणि मशीनला आतल्या फायलींची नोंद नव्यानं करायला लावली. पडदा रंगीत होता, तो काळा-पांढरा केला. पत्रक तर लाल शाईत एका रंगातच निघणार, मग मशीननं कशाला रंग मोजत बसायचं? ज्या टाईपात कधीच काही छापलं जात नाही असे ढीगभर टाईप तिनं बाहेर काढले. पान जुळवायच्या प्रोग्रामला थोडी जास्त मेमरी लावून दिली. मशीन खरंच तरतरीत झालं. शालूबाईंना वाटलं, जिंकलं.

पिंपळवाडीच्या भैरोबाचा नवा फोटो स्कॅन करून पानात बसवला आणि फाईल सेव्ह करायला गेल्या, तर मशीन म्हणालं, जागा नाही.

अक्षतानं डिस्क तपासली. तुडुंब. कशानं, म्हणून आत गेली, तर देव निघाले. गेल्या कित्येक वर्षांत प्रत्येक गावाच्या यात्रेला आकारामांनी त्या त्या देवाचा नवा फोटो घेतला होता. पालखीतला भैरोबा, सिंहासनावरचा भैरोबा, चांदीच्या मुखवट्याचा भैरोबा. सिद्धनाथ, जानाई, म्हसोबा, जतकडच्या धनगरांचा बिरोबा. शिवाय प्रत्येक गावकऱ्याला आपल्या देवाचे डोळे जरा मोठे हवे असायचे, म्हणून त्याच्या आणखी प्रती. आणि हे सगळं एका फोल्डरात. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: विसर्जन.

शालूबाईंनी ते लगेच ओळखलं. यात्रा झाली की मालक म्हणायचे, झाला हा देव विसर्जित, आणि फोटो उचलून त्या फोल्डरात सोडायचे. देवाला कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांना तर फ्लॉपी बाहेर काढायलाही त्रास व्हायचा, कारण या मशीनमध्ये फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यावर न्यावं लागतं. फ्लॉपीत देव असला की मालक तसं करायचे नाहीत. दोन बटणांची वेगळी युक्ती त्यांनी शोधली होती, तीच शालूबाईंना शिकवली होती. विसर्जन केलं की मशीन हलकं होतं, असंच त्यांना वाटायचं आणि शालूबाईंनाही.

"काकी, विसर्जन केलंय, पर पाण्यात सोडलंच न्हाई," अक्षता म्हणाली. "समद्या मूर्ती काठावरच उभ्या हायत. एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत सामान नेलं म्हणून घर रिकामं हुतंय व्हय?"

शालूबाईंना मालकांचा राग आला आणि हसूही आलं. एवढा शिस्तीचा माणूस, आणि एक चित्र टाकून द्यायचं धैर्य झालं नाही म्हणून मशीनचा जीव असा घोटला.

सगळे देव फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायचे ठरले. एकेका गावाची एकेक फ्लॉपी, वर गावाचं नाव. ते काम दोघींनी मिळून केलं. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात फ्लॉप्या ओळीनं उभ्या राहिल्या. एकही देव हरवला नव्हता. आता उरलं एवढंच, की मशीनमधलं विसर्जन ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं.

शालूबाई अक्षताला म्हणाल्या, टाक. अक्षतानं माऊसवरचा हात काढून घेतला.

"म्या न्हाई टाकनार," ती म्हणाली. "तुमी रागावला तरी चालंल. उद्या कुणाला कळलं, तर लोक काय म्हणतील ते तुमाला बी ठावं हाय. बौद्धाच्या सुनंनं आमचं देव कचऱ्यात टाकलं, असंच म्हणतील. मशीन भरलं हुतं हे कुणी ऐकून घेनार न्हाई. वस्तीवर माझी सासू हाय, बारकी पोर हाय."

शालूबाईंना ते सुचलंच नव्हतं, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी जरा चाचरतच विचारलं, की बुद्धजयंतीच्या पत्रकाचा फोटोही आतच असेल ना?

"हाय की. त्यो बी फ्लॉपीवर घेतलाय," अक्षता म्हणाली. तिनं माऊस हातात घेतला, फोल्डर उघडलं, बुद्धाचं चित्र शोधलं आणि शांतपणे ओढत नेऊन डब्यात सोडलं. "बुद्ध काय ह्या डब्यात बसत न्हाईत. माझं म्या टाकलं. तुमचं तुमी टाका."

आणि ती खुर्चीवरून उठली.

शालूबाई खुर्चीवर बसल्या. हात माऊसवर ठेवला, तो उचलेना. अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासून या देवांपुढं त्यांनी नारळ फोडले होते. आणि हे फोटो मालकांच्या हातचे. बाहेर बाजार भरला होता, मिरचीचा नाकाला झोंबणारा खाट आत येत होता, आणि गुरुवार उजाडलेला होता. नेमका तेव्हाच दारात मानसिंग उभा राहिला. किल्ली न्यायला आला होता, आणि कुणी आपल्याला रिकामा म्हणू नये म्हणून खताच्या दुकानाच्या पाटीचं माप घ्यायला टेपही घेऊन आला होता.

त्या टेपकडं शालूबाईंनी एकदा बघितलं. मग विसर्जन उचललं आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात नेऊन सोडलं. डबा टम्म फुगला.

मानसिंगला मशीनचं ओ की ठो कळत नव्हतं, पण कचऱ्याचा डबा ओळखू येत होता, आणि फोल्डर उघडं असताना पडद्यावरचे देवही त्यानं पाहिले होते. त्याचा चेहरा आधी पडला, मग खुलला. वहिनी देव कचऱ्यात टाकतात, असं तो दोनदा म्हणाला, एकदा गाळ्यात ऐकू जाईल असं आणि एकदा बाजारात ऐकू जाईल असं. मग त्याची मान अक्षताकडं वळली. ही शिकवण कुणाची ते आम्हाला कळतं, असं काहीतरी तो बोलायला लागला.

"भावजी," शालूबाई म्हणाल्या, "हात माझा हाय. तिचं नाव घ्यायचं न्हाई."

आवाज मोठा नव्हता. पण तीस वर्षांत त्या आवाजात त्या दिराशी कधी बोलल्या नव्हत्या. मानसिंगनं अक्षतावरची नजर काढली. शालूबाईंनी डबा रिकामा करायचा हुकूम दिला. मशीननं विचारलं, आत इतक्या वस्तू आहेत, एवढी जागा व्यापतात, नक्की टाकायच्या का? मशीनसुद्धा माणसाच्या वरचं असतं, एकदा खात्री करून घेतं. शालूबाईंनी मनातल्या मनात मालकांना सांगितलं, तुमचं राहिलेलं काम करते. आणि होकार दिला.

फुगलेला डबा बसका झाला. मग भैरोबाचं पान उघडलं आणि नवा फोटो पुन्हा बसवला. घड्याळाचं चित्र आलं आणि लगेच गेलं. सेव्ह केलं, झालं. प्रिंटर खरखरला आणि पत्रक बाहेर सरकलं. वर मिशाळ भैरोबा, खाली कुस्त्यांचा फड, बैलगाड्यांची शर्यत, तमाशा आणि यात्रा कमिटीची सगळी नावं, एकही पुढंमागं न झालेलं. अक्षतानं ते उजेडात धरून वाचलं आणि मान हलवली. आता लाल शाईत छपाईला टाकायचं तेवढं राहिलं होतं.

पिंपळवाडीचे केरबातात्या, यात्रा कमिटीचे अध्यक्ष, पत्रक बघायला आले तर मानसिंग अजून तिथंच. त्यानं तोंड उघडायच्या आत शालूबाईंनीच तात्यांना सांगून टाकलं, की मशीन भरलं होतं, सगळ्या गावांचे देव फ्लॉपीत घेतले आणि मशीनमधले मी माझ्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकले. तुमचे जुने भैरोबाही त्यातच होते. तात्यांनी चष्मा लावला. पत्रक बराच वेळ बघितलं. बिस्किटांच्या डब्यातली पिंपळवाडी लिहिलेली फ्लॉपी काढून हातात धरली, उलटीसुलटी केली आणि कपाळाला लावून परत ठेवली. मग देवाची मिशी जरा जाड करा म्हणाले.

मानसिंगला हा निकाल पसंत पडला नाही. तात्या गेल्यावर तो पायरी उतरता उतरता थांबला.

"सगळ्या भावकीला सांगनार हाय मी," तो म्हणाला. "कोरेगावात सांगनार, गावोगाव सांगनार."

शालूबाईंनी खुर्ची पुढं ओढली. नवं पान उघडलं. मशीन क्षणात तयार. त्यांनी पडद्याकडं न बघता टाईप केलं, आकारामांच्या शालूबाईंनी आपल्या हातानं सगळे देव कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि खाली आपलं नाव, गाव आणि छापखान्याचा पत्ता घातला. अक्षताचं नाव कुठंही नव्हतं. प्रिंटरनं कागद दिला. तो गरम कागद त्यांनी पायरीवर उभ्या असलेल्या दिराच्या हातात ठेवला. दुसऱ्या हातात त्याची टेप होती.

"गावोगाव तोंडानं कुठवर सांगाल?" त्या म्हणाल्या. "किती प्रती काढू?"