आप्पाजींचा सामना आधी येतो

मित्रांनो, मी एक जुनी डिश आहे. जेवणाची नव्हे, टीव्हीची. बनशंकरीत भीमाचार्यांच्या गच्चीवर, गंजलेल्या पायावर उभी आहे. कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं आणि ट्रकमधून आदळत आपटत बेंगळुरूला आणलं. आता बोलण्याचाही कंटाळा येतो, पण विचारलंतच म्हणून सांगते.

क्रिकेटचा सामना असला की माझा थाट काय विचारता! शेजारचे आप्पाजी टॉसच्या आधीच अण्णांशेजारी, म्हणजे आमच्या भीमाचार्यांशेजारी, खुर्ची ओढून बसायचे. पावसात चित्र गेलं की अण्णांचा मुलगा सुमंत मला फिरवायला वर धावायचा. खालून त्याची आई अहल्याक्का सांगायच्या, "स्वल्प डावीकडे. सरी, सरी, बरोबर, आलं." तेव्हा सगळे मला नावाजायचे.

मग सामने दाखवण्याचे हक्क या हातातून त्या हातात जाऊ लागले. आज हे चॅनल, उद्या ते, आणि शेवटी सामने मोबाइलच्या ॲपवर गेले. सुमंतने अण्णांना ॲप लावून दिलं, आप्पाजींना त्यांच्या नातीने. आता कोण कोणाकडे जातंय? दोघे आपापल्या खिडकीशी बसू लागले. माझ्याकडे कावळ्याशिवाय कुणी फिरकेना.

त्यात आप्पाजींचं नेट वेगवान, म्हणून त्यांचं चित्र काही सेकंद आधी यायचं, अण्णांचं मागून. अण्णांचा गोलंदाज अजून धावतच असायचा, तोवर पलीकडून आरोळी यायची, "औट!" एकदा अण्णा खवळले. "आप्पाजी, तोंड मिटून बघा हो. माझ्या सामन्याची माती करता." त्यानंतर पलीकडून हूं नाही की चूं नाही. मला फार वाईट वाटलं.

काल अंतिम सामना होता. वर उभ्या उभ्या मला खिडकीतलं सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, नीट चालतंय ना?" सुमंतने विचारलं.

"चालतंय रे. पण एकट्याने बघवत नाही." अण्णांनी खिडकीतून हाक दिली, "आप्पाजी, ओरडा की हो."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"विकेट गेली, आचार्य. तुमच्याकडे अजून जायची आहे."

अण्णा इतके हसले की त्यांची विकेट बघायची राहूनच गेली.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या. हक्क कुणीही विकत घेवो. पण ज्याच्यासोबत सामना बघायचा, त्या माणसाला गप्प बसवू नका.