एकशे बारा तारखांचा दाखला

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अधिकार आपल्या देशाने मानावा की नाही, यावर संसदेत घसे बसेपर्यंत चर्चा झाली. मंत्री म्हणाले, परक्यांची गरजच काय? आमची कोर्टं समर्थ आहेत. दाखल्यादाखल त्यांनी गिरणीवस्तीतल्या गोळीबाराचा खटला पुढे केला. एकतीस माणसं मेलेली, आरोपी लष्करातला बडा अधिकारी, आणि खटला 'जोमात सुरू'.

हा जोम एकोणीस वर्षं ज्यांच्या कपाटात होता, त्या कोर्टाच्या रेकॉर्ड विभागातल्या बाईंना सकाळी चहाच्या वेळीच नवऱ्याने सुनावलं, "घरातल्या भांडणात शेजारी कशाला?"

"घरातलाच माणूस जिवावर उठला, की हाक शेजाऱ्यालाच मारतात," बाई म्हणाल्या आणि डबा घेऊन निघाल्या.

दुपारी निबंधकसाहेब स्वतः जिना उतरून खाली आले. हेच मुळात अशुभ.

"बाई, एक दाखला हवाय. खटला व्यवस्थित चालू आहे, एवढंच. उद्या मतदानाआधी मंत्र्यांना सभागृहात वाचायचाय."

"चालू आहे?"

"रेकॉर्डप्रमाणे लिहा आणि सही करा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय ना? मग सुखाने जा की."

बाहेरच्या बाकावर फिर्यादी बसले होते, म्हातारे शिंपी. दोन मुलगे गेलेले. ते प्रत्येक तारखेला येत, आणि बाई प्रत्येक वेळी सांगत, "आजोबा, पुढची तारीख." आता तर दोघं एकमेकांच्या गुडघ्यांचीही चौकशी करत. आजही न्यायाधीश रजेवर होते.

बाईंनी रोजनामा काढला. न्यायाधीश रजेवर. सरकारी वकील गैरहजर. आरोपीची प्रकृती बरी नाही. साक्षीदार मयत. न्यायाधीशांची बदली. आरोपीची प्रकृती अजूनही बरी नाही. त्याच आठवड्यात त्याने घोड्यावरून सलामी घेतल्याचा फोटो मात्र बाईंनी पेपरात पाहिला होता.

त्यांनी लिहिलं: रेकॉर्डप्रमाणे तारखा एकशे बारा. नोंदवलेल्या साक्षी शून्य. मयत साक्षीदार नऊ. आरोपी हजर, एकदाही नाही. सही, शिक्का, आणि जावक रजिस्टरात क्रमांक दोनशे सात. मग आजोबांकडून नकलेचा अर्ज लिहून घेतला आणि प्रमाणित नक्कल त्यांच्या हातात ठेवली. या कोर्टात आजोबांचं एखादं काम त्याच दिवशी झालं, असं हे पहिल्यांदाच. कागद दोनदा वाचून त्यांनी बाईंना एक पत्ता विचारला आणि ते उठले.

त्यानंतर दाखला आणि जावक रजिस्टर घेऊन बाई वर गेल्या.

साहेबांनी वाचलं. "हे काय आहे?"

"रेकॉर्डप्रमाणे आहे."

"फाडा."

"जावक क्रमांक पडलाय. फाडलात, तर दोनशे सात कुठे गेला हे तुम्हालाच लिहून द्यावं लागेल. शिवाय नक्कल घेऊन आजोबा विरोधी पक्षाच्या कार्यालयात गेलेत. उद्या दोन्ही बाजूंना एकच कागद वाचता येईल."

"देशाची अब्रू घालवलीत तुम्ही."

"अब्रूची नोंद आमच्याकडे नसते, साहेब. तारखांची असते."

"उद्यापासून तुमची बदली."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या आणि रजिस्टर उघडून पेन साहेबांपुढे सरकवलं. "दोनशे आठ मोकळाच आहे."