फोटोत न येणारे साहेब

दोन वर्षं हंगामी म्हणून राबलेल्या बाईंचं कायम होणं आता एका तासावर आलं होतं. तपासणी अधिकारी मागच्या बाकावर बसणार, तास पाहणार आणि शेरा लिहिणार. शेरा बरा आला तर नोकरी पक्की. नाहीतर सोमवारपासून वडिलांच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या हनुवट्या सरळ करत बसायचं.

धडा होता वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ. सहावीच्या पोरांना तो महिनाभर काही केल्या उमगत नव्हता. ‘त्याच्या तोंडचं पाणी पळालं’ म्हटलं की कुठे पळालं, ते विचारायची. शेवटी बाईंनी वडिलांना गाठलं. चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढलेल्या वडिलांनी मान वर न करता सांगितलं, “त्यात काय एवढं. फोटोत येतं ते खरोखरचं. येत नाही ते बोलण्यापुरतं.”

बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी स्टुडिओतली एक रिकामी चौकट आणून वर्गात छताला टांगली. कुणी वाक्य बोललं की चौकटीकडे बघायचं. फोटोत येण्यासारखं असेल तर निळं कार्ड, नसेल तर पिवळं. ‘मांजर टेबलावर बसलं’, निळं. ‘डोक्याला मुंग्या आल्या’, पिवळं. आठवड्यात पोरं अशी तयार झाली की घरी जेवायलाही कार्डं घेऊन बसू लागली.

तपासणीच्या दिवशी पहिली दहा मिनिटं तास चोख चालला. साहेब खूश होऊन उठले, चौकटीपाशी आले आणि म्हणाले, “मुलांनो, मी तपासणी अधिकारी आहे बरं का.”

अडतीस पिवळी कार्डं वर गेली.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फळ्याकडे.

“अरे, खरंच आहे मी.”

“फोटोत नाही येत, साहेब,” पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. “फोटोत नुसता शर्ट आणि मिशी येते.”

साहेबांनी खिशातून ओळखपत्र काढलं. ते बाकाबाकांवरून फिरलं.

“यात तर मिशी पण नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

“खाली लिहिलंय ना, अधिकारी म्हणून.”

“त्यातली शाई खरी, साहेब. बाकी बोलण्यापुरतं.”

बाईंच्या पोटात गोळा आला. त्याला कुठलं कार्ड, हे त्यांना ठरवता येईना. कुठेतरी चुकतंय एवढं कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं. त्यांनी घाईघाईने विचारलं, “मुलांनो, भूक फोटोत येते का?”

“नाही, बाई.”

“मग ती लागत नाही का?”

वर्ग विचारात पडला. वेण्यांची मुलगी म्हणाली, “बोलण्यापुरती लागते. मधल्या सुट्टीआधी तुम्हीच म्हणता, बोलू नका म्हणजे लागणार नाही.”

बाई हे खरंच म्हणत असत.

तोवर साहेब आपणहून चौकटीमागे जाऊन उभे राहिले होते. हनुवटी वर, चेहरा होता होईल तेवढा अधिकाऱ्याचा. “आता बघा बरं.”

चार निळी कार्डं.

“आणि हात मागे बांधले तर?”

अकरा. बाकीची वर येतायत का, याची वाट बघत साहेब तसेच उभे राहिले. घंटा झाली.

शेरा लिहायला त्यांना फार वेळ लागला. ‘सेवेत कायम करण्यास हरकत नाही’ एवढं लिहून ते पेन धरून थांबले. वेण्यांच्या मुलीकडे वळून हळूच म्हणाले, “मी सही केली तर चालेल ना?”

तिने चौकटीतून कागदाकडे पाहिलं आणि निळं कार्ड दाखवलं. “सही येते फोटोत.”

शाळा सुटल्यावर बाई कागद घेऊन थेट स्टुडिओत गेल्या.

“झालीस का कायम?” वडिलांनी विचारलं.

“तेच कळत नाहीये, बाबा. कागद तर मिळाला.”

वडिलांनी कागद वाचला, उलटून पाहिला. मग लेकीला स्टुलावर बसवलं, मागचा पडदा ओढला, हनुवटी सरळ केली आणि फोटो काढला. दोघं बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले.

“दिसतंय का कायम?” बाईंनी विचारलं.

“डोळे मिटलेत,” वडील म्हणाले. “परत बस.”