कापसाच्या खोलीतली खाट

दिवाळी सरली की सदाशिवरावांच्या घरात हिवाळ्याचे कायदे लागू होत. नेरपासून दोन कोसांवरचं ते गाव, तिथं थंडी सगळ्यांनाच वाजे, पण तिच्याशी असं उभं वैर धरलेला माणूस एकच. गार पाण्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी ओवा टाकलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मग अंगाला तिळाचं तेल, मगच आंघोळ. कानात कापसाचा बोळा घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर माणूस कितीही मोठा असो, त्याची खरडपट्टी निघालीच म्हणून समजा. भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि लसूण रोज हवाच, अन् दही पार संक्रांतीपर्यंत बंद. संध्याकाळी सुंठ, मिरी नि अडुळशाचा काढा. तो पिताना त्यांचा तिशीतला मुलगा घनश्यामसुद्धा डोळे मिटून घेई.

गावातले लोक हसत. "थंडीनं तुमचं काय घोडं मारलं जी?" असं पारावर कुणी तरी विचारीच.

सदाशिवराव उत्तर देत नसत आणि विचारणाऱ्याचीही मग जीभ आखडे, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मागच्या माघात त्यांची बायको विमल गेली होती. दहा-बारा हिवाळे ती खोकत होती. उन्हाळा आला की बरी व्हायची, कापूस फुटायच्या दिवसांत पुन्हा सुरू. शेवटच्या वर्षी छाती भरली ती भरलीच. सदाशिवरावांनी तरी काय करायचं बाकी ठेवलं होतं? काढे झाले, शेक झाले, घरातली सगळ्यांत उबदार जागा त्यांनी तिला दिली होती.

ती जागा म्हणजे माजघरामागची कापसाची खोली. या मुलखात वेचलेला कापूस आधी घरात येतो, आणि सदाशिवरावांचा तर दंडकच होता, तिसरा वेचा आटोपल्याशिवाय बोंडभर कापूस घराबाहेर जायचा नाही. त्यामुळं मार्गशीर्षात ती खोली आढ्याला टेकायची. त्या ढिगाला लावून त्यांनी स्वतःच्या हातानं विमलची खाट टाकली होती. वारा शिरू नये म्हणून भिंतीतले दोन्ही झरोके कापूस ठासून बंद केले होते. आत गेलं की भट्टीजवळ गेल्यासारखं वाटे. स्वतः मात्र ते ओसरीवर उघड्यातच झोपत, बैलांची राखण करायला. बायकोसाठी एवढं करणारा नवरा गावात दुसरा दाखवा, असं त्यांना मनातून वाटे. आणि खरं सांगायचं तर ते खोटंही नव्हतं.

साल साठ-एकसष्टचं असेल. त्या वर्षी त्यांची सहा वर्षांची नात विजयमाला खोकायला लागली.

पहिल्या दिवशी साधं पडसं होतं. पण आजोबांच्या काळजात धस्स झालं. एक गेली, आता दुसरी जाऊ द्यायची नाही, अशी त्यांनी मनाशी गाठच बांधली. त्याच संध्याकाळी पोरीची गोधडी उचलून त्यांनी कापसाच्या खोलीतल्या खाटेवर अंथरली, झरोक्यातला कापूस पुन्हा ठोकून बसवला.

सून इंदूबाई दारात उभी होती. "मामाजी," ती हळूच म्हणाली, "चार-आठ दिवस तिले माह्या माहेरी नेऊ काय? दारव्ह्याले?"

"तिथं कोण पाहते तिले? काढा कोण देईन? हवेत फिरून पोट्टी अजून बिमार पडन."

इंदूबाईनं पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, आणि ती चुलीकडे गेली. तिला काही तरी म्हणायचं होतं हे सदाशिवरावांना दिसलं. पण बायकांचं काय, त्यांना माहेराचं निमित्तच हवं असतं, असं म्हणून त्यांनी तो विषय तिथंच संपवला.

खोकला काही हटेना. पंधरा दिवस झाले. कायदे दुप्पट कडक झाले, काढा तिप्पट कडू. पोरगी सकाळी उन्हात बसली की जरा हसायची, खेळायची, मग आजोबा तिला उचलून पुन्हा उबेला नेऊन निजवत.

अशात एका संध्याकाळी तांड्यावरची जमनी कापसाचं गाठोडं घेऊन आली. दर वर्षी तीच त्यांच्याकडे वेचायला यायची. खोलीत जाऊन तिनं गाठोडं ढिगावर मोकळं केलं, वळली, आणि खाटेवरची पोर पाहून जागच्या जागी थबकली. ओढणी नाकाशी धरून बाहेर आली.

"पाटील, लेकरू कायले तिथं निजवलं जी?"

"ऊब हाये म्हणून. तुले काय करायचं?"

"रागावू नका. मी अन् माही याडी दोन हिवाळे नेरच्या जीनमदी कामाले होतो." याडी म्हणजे तिची आई, अन् जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. "तिथं कापूस असा उडते, का आमी नाकातोंडाले फडकं बांधत होतो. तरी याडी आजवर खोकलून राह्यली. तुमी त पोरीले त्यातच निजवून राह्यले!"

"अवं, थे जीन हाये. हे घर हाये."

"कापसाले कुठं समजते जी, जीन कोणती अन् घर कोणतं?"

झालं! सदाशिवरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "जमने, तू कापूस वेच. दवादारूचं मी पाहतो," असं त्यांनी तिला सुनावलं. जमनी बिचारी मान खाली घालून निघून गेली. पण तिचं बोलणं काही गेलं नाही. जेवताना, बैलांना वैरण टाकताना ते कानात घुमत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते काढ्याची वाटी घेऊन खोलीत गेले आणि सवयीनं दार लावून घेतलं. पोरगी उठून बसली. "आबाजी, इथं दुखते," तिनं बरगड्यांवर हात ठेवला. "खोकलून खोकलून दुखते."

छपराचं एक कवेलू सरकलं होतं. तिथून उन्हाची सरळ पट्टी खाटेवर उतरली होती, आणि त्या पट्टीत सदाशिवरावांना जे दिसलं ते त्यांनी बारा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण उन्हाची पट्टी असो की वाऱ्याची फट, ती बुजवायलाच ते या खोलीत येत. बारीक बारीक तंतू. इतके, की हवाच दिसेना. पोरगी जरा हलली की ढिगातून आणखी उठत, तरंगत तिच्या तोंडापाशी येत. तिनं श्वास घेतला की आत जात. ती खोकली की पुन्हा उडत. सदाशिवराव वाटी हातात धरून बघत राहिले. मग त्यांचं स्वतःचंच नाक हुळहुळलं आणि एकामागून एक पाच शिंका आल्या. पाचव्या शिंकेला काढा सांडला.

आपल्याला शिंक येऊन किती वर्षं झाली, असा विचार त्यांच्या मनात आला. ओसरीवर, थंडीत, उघड्यात झोपणाऱ्या आपल्याला कधी पडसं झालं नाही. कायद्यांमुळं झालं नाही, असंच ते समजत आले होते. पण कायदे तर विमललाही तेच होते!

"इंदू!" ते ओरडले. "खाट बाहेर काढ!"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुनेनं खाटेचं एक टोक उचललेलंसुद्धा होतं.

ओसरीवर वाऱ्याच्या बाजूला बांबूचा तट्ट्या बांधला. दोन गोधड्या, डोक्याला फडकं, आणि बाकी मोकळी हवा. तेल, ओवा, जवस, ऊन सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं. घनश्यामनं तिसऱ्या वेच्याची वाट न पाहता गाडी जुंपली आणि दोन खेपांत खोली रिकामी केली. सदाशिवरावांनी त्याला अडवलं नाही. आठव्या दिवशी पोरगी एकदाही खोकली नाही. दहाव्या दिवशी ती वासरामागं अंगणभर धावत होती आणि आजोबा तिच्यामागं कानाचा बोळा घेऊन.

दमून ते उन्हात बसले. शेजारी इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत होती.

"त्या दिवशी तू खाट लगेच उचलली," ते म्हणाले. "तुले ठाऊक होतं काय?"

इंदूबाई शेंगा सोलत राहिली. "हो, मामाजी."

"कवापासून?"

"आत्याबाई होत्या तवापासून. त्याईले बी ठाऊक होतं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, विमल. सदाशिवरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"संक्रांतीले वणीले माहेरी गेल्या, का आठ दिवसांत त्याईचा खोकला थांबून जाये," ती म्हणाली.

"थो माह्या काढ्यानं! मी पुड्या बांधून देत होतो तिच्यासंगं."

"पुड्या जशाच्या तशा वापस येत, मामाजी. मले म्हणत, चुलीत टाक, अन् तुह्या मामाजीले दिसू देऊ नको."

अंगणात वासरू हंबरलं. सदाशिवराव तिच्याकडे वळले. "मंग मले सांगतलं काहून नाई तिनं? एवढी वर्सं?"

"मी म्हतलं होतं, सांगा म्हणून. खाट बाहेर टाकू म्हणून." इंदूबाईचे हात थांबले. "त्या म्हणाल्या, अवं, साऱ्या जन्मात या माणसानं आपल्या हातानं माह्यासाठी एवढीच एक गोष्ट केली. थे बी चुकलं म्हणून कशी सांगू?"

कापसानंच विमल गेली की छातीत आणखी काही होतं, हे आता कोण सांगणार? पण ती खाट, ते ठासून बंद केलेले झरोके, आणि आत गोधडीखाली त्यांच्याकडे बघून हसणारी ती, हे सगळं सदाशिवरावांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्या हसण्याला ते समाधान समजत आले होते.

"मले एक डाव सांगतलं असतं त मी..."

"आयकलं असतं, मामाजी?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. सदाशिवरावांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. या घरात आजवर त्यांच्या शब्दाबाहेर कुणी गेलं नव्हतं, आणि पारावर बसून त्यांनी ते किती तरी वेळा अभिमानानं सांगितलं होतं.

"नसतं आयकलं," ते म्हणाले. आणि भर उन्हात, सुनेसमोर, म्हातारा हमसून हमसून रडला.

इंदूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती तिथंच त्यांच्याजवळ बसून राहिली.