ओब्रादची कलमं

"या झाडाच्या काड्या कुणाकुणाला दिल्यात?" शेतकी खात्याच्या माणसाने विचारले. त्याच्या हातात चिरलेला आलुबुखार होता आणि तो गराकडे न बघता बीकडे बघत होता.

ओब्राद हसला. "कुणाला दिल्या नाहीत ते विचारा साहेब. लवकर आटपेल."

कुंपणापाशी जमलेले आम्हीही हसलो. साहेब हसला नाही. त्याने बी आमच्यापुढे धरली. तिच्यावर तपकिरी ठिपके होते. मग एक पान उन्हात धरले. हिरव्यात फिकट गोल कडी उमटली होती, पाण्याचे थेंब सुकून डाग राहावेत तशी.

"शार्का," तो म्हणाला. "याला औषध नाही. फळ पिकायच्या आधी गळतं, राहिलं तर गोडी धरत नाही. कलमातून जातो, मग माव्याची कीड शेजारच्या झाडावर नेते. या झाडात बरीच वर्षं मुरलेला दिसतोय. कापा, जाळा, मुळासकट काढा. याची कलमं गेली असतील तिथलीही."

आमच्यातली मिलुंका म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरींबरोबर हेच धाडलंस होय रे?"

ओब्राद सरकारी रस्त्यावरचा बिगारी. आमचे गाव ते नदीचा पूल, एवढ्या रस्त्याचे खड्डे बुजवण्यात त्याचा जन्म गेला. बायको तरुणपणीच वारली. मागे एक मुलगी, रोसांदा, आणि घरामागची बाग. बागेत हे झाड. त्याच्या फळाची राकिया, म्हणजे घरची दारू, घशातून उतरताना कळतसुद्धा नसे. ऐन थंडीत तो त्याच्या काड्या कापायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून तळघरात ठेवायचा आणि बर्फ वितळले की रानटी आलुबुखाराच्या खुंटावर बांधायचा. कुणी मागितले की द्यायचा. गावातली पोरगी लग्न होऊन निघाली की तिच्या गाडीत दोन कलमं ठेवायचा आणि सांगायचा, "सासरी कुणी विचारलं नाही, तरी यांना पाणी घालायच्या निमित्ताने बाहेर पडता येईल." पोरी हसत. पुढे माहेरी आल्या की पहिल्यांदा त्याच्याकडे जात.

मी त्याचा शेजारी. आलुबुखार आंबवायची लाकडी पिंपं बनवतो. म्हणजे माझी भाकरीही त्याच झाडाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओब्रादच्या दारात गळलेल्या फळांचा ढीग होता. माश्या घोंगावत होत्या. पुढच्या दिवशी ढीग वाढला. एकजण तर टोपलीही तिथेच टाकून गेला होता, आणि आमच्या गावात टोपलीच्या विणीवरून घर ओळखू येते. ओब्रादने फावड्याने सगळे भरून नेले, जाळले, टोपली धुऊन ज्याची त्याला परत दिली. मग आपले झाड पाडले. मग लांब करवत घेऊन माझ्याकडे आला.

"दुसरं टोक धरशील?"

"कुठे?"

"सगळीकडे. मी लावलं ते मीच काढीन."

आम्ही माझी गाडी जुंपून घरोघर हिंडलो. काहींनी मुकाट्याने फाटक उघडले. एकाने कुत्रा सोडला. मिलुंकाने अंगणातले झाड पाडून घेतले आणि म्हणाली, "आता सावली पण घेऊन जा." ओब्रादने टोपी काढून मान हलवली, जणू काही तीही गाडीत घालता आली असती.

शेवटी पुलापलीकडे निघालो, रोसांदाच्या सासरी. तिच्या लग्नात ओब्रादकडे द्यायला दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने गाडीभर कलमं दिली होती. तिचा सासरा वुकाशिन कसलेला शेतकरी. त्याने त्याच झाडांचे डोळे रानटी खुंटांवर भरून मक्याच्या अख्ख्या शेताची बाग केली. पाहुण्यांना सांगायचा, "लोक सून आणतात, मी बाग आणली."

आम्ही पोचलो तेव्हा तो ओसरीवर बसला होता.

"या व्याही, वाटच बघत होतो. पिंपवाले, तुम्ही वर या. बसा. तुमचा काय दोष?"

"करवतीला दोन माणसं लागतात," मी म्हटले.

"लागतातच की. दुसरं टोक आमची सून धरेल. झाडं तिच्याबरोबर आली होती."

रोसांदा दारात उभी होती. तिचा नवरा मिलोये खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. तो तिला म्हणाला, "रुमाल बांध डोक्याला. भुसा उडेल." त्याच्या तोंडून तेवढेच निघाले.

ओब्राद म्हणाला, "मी एकटा करतो. कुऱ्हाड द्या."

"कुऱ्हाडीने ढलप्या उडतात. माझ्या शेतात रोग पसरवायचा राहिलाय का अजून?"

रोसांदा उतरली आणि तिने करवतीचे टोक धरले.

झाडं निळ्या फळांनी लगडली होती. दुरून बघणाऱ्याला पीक आले आहे असेच वाटले असते. बापलेक गुडघ्यांवर बसून कापू लागली. पहिल्या झाडापाशी ओब्रादचा आवाज ऐकू आला. "दाबू नकोस. नुसती ओढ, मग सोड."

"ठाऊक आहे बाबा. सरपण तुमच्याबरोबरच कापायचे मी."

त्यानंतर फक्त करवत ऐकू येत होती. झाड पडले की फळं उतारावरून घरंगळत. वुकाशिन वरून म्हणे, "जपून हं व्याही, फळं चेचतील," आणि माझा पेला भरे.

दुपारी रोसांदाच्या सासूने माझ्यापुढे पाहुण्याचे तबक ठेवले; चमचाभर पाकातले आलुबुखार आणि पाणी. रोसांदाने खालून तबकाकडे पाहिले. वुकाशिनने ते पाहिले. "कामकऱ्यांना विहीर आहे," तो म्हणाला. चमचा माझ्या तोंडातच राहिला. ओब्राद विहिरीवर गेला, पोहऱ्यातून प्यायला, आणि पोहरा तसाच लेकीसाठी धरून उभा राहिला. ती ओंजळीने प्यायली. तिच्या तळव्यांची साल निघाली होती.

ऊन उतरेपर्यंत बाग आडवी झाली. मी गाडी जुंपली. ओब्राद फाटकापाशी तिला म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

"आणि पोरं?"

त्याने करवत गाडीत ठेवली.

"या झाडांमुळे या घरात माझा शब्द चालायचा, बाबा. तुम्हीच दिलीत, तुम्हीच नेलीत. मी बोल लावत नाही तुम्हाला. पण आता पाहुणे म्हणून येऊ नका. मला तुम्हाला पाणीसुद्धा विचारता येणार नाही."

ती गेली. ओसरीवरून वुकाशिन ओरडला, "मुळं राहिलीत व्याही. साहेब मुळासकट म्हणाला होता. वसंतात धुमारे फुटले की निरोप धाडतो."

"बरं," ओब्राद म्हणाला.

निरोप आला. ओब्राद कुदळ घेऊन पायी गेला. पुढच्या वसंतातही आला, त्याच्या पुढच्याही. वुकाशिनने पुन्हा मका पेरला होता, पण सऱ्यांमधून रानटी कोंब वर यायचेच. बाजारात तो सगळ्यांदेखत सांगायचा, "याला एक मूळ धड खणता येत नाही. सरकारने पगार कशाचा दिला असेल?" लोक हसायचे. ओब्राद खाली बघायचा.

यंदा कोबी आंबवायचे पिंप पोचवायला मी तिकडे गेलो, तर तो शेतात होता. पाठ वाकली आहे आता. रोसांदा अंगणात घेवडा सोलत बसली होती. बापाशी बोलत नव्हती, त्याच्याकडे बघतही नव्हती. फक्त स्टूल सावलीतून उचलून शेताच्या बाजूला, उन्हात आणून ठेवले होते.

मी ओब्रादजवळ गेलो. त्याने कोंब उपटला, खाली वीतभर खणले. खड्ड्यात मनगटाएवढे मूळ होते, सालीखाली ओले, जिवंत. दोन घाव घातले असते तर सुटले असते. मी लाकडातला माणूस आहे, मला ते दिसत होते. ओब्रादने मुळावरून बोट फिरवले. मग वर बघितले, मी उभा होतो.

त्याने हातानेच खड्ड्यात माती लोटली आणि वरून थोपटली, फार घट्ट नाही.